खरेदीदाराची खुर्ची

आज पदवी घेणाऱ्या मुला-मुलींनो,

तुमच्यातले बरेच जण कागलच्या पंचतारांकित वसाहतीत, गोकुळ शिरगावात नाही तर बेळगावच्या उद्यमबागेत कामाला लागतील. कुणी डिझाइनला जाईल, कुणी क्वालिटीला. ‘मला पर्चेसलाच जायचंय’ असं हौसेनं म्हणणारा विद्यार्थी मात्र मला अजून भेटायचा आहे. माझी सगळी नोकरी पर्चेसच्याच, म्हणजे खरेदीच्या खुर्चीवर झाली, म्हणून आज तिच्याबद्दल बोलतो.

निपाणीत खरेदीबद्दल बोलायचं आणि तंबाखूचं नाव काढायचं नाही, हे कसं जमेल? 14 मार्च 1981 ला शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली या भागातले तंबाखू उत्पादक पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले. मागणी होती किलोला दहा रुपये भावाची. 6 एप्रिलला पोलिसांनी आंदोलन मोडून काढलं, गोळीबार झाला, 12 शेतकरी गेले. तुमच्यातल्या काहींच्या घरी त्या रस्त्यावर बसलेलं माणूस अजून असेल. विचारा त्यांना. राग नुसत्या भावाचा नव्हता. माल एकदा व्यापाऱ्याच्या वखारीत गेला की वजनात सूट, प्रतीत खोट, आणि पैसे कधी हातात पडतील याचा नेम नाही. ज्वारी विकली नाही तर घरी खाता येते. तंबाखूचं काय करणार? विकणारे हजारो, घेणारे मोजके, आणि माल ठेवून घ्यायची सोय नाही. घेणाऱ्याच्या हातात सगळंच आलं की काय होतं, ते या गावानं मॅनेजमेंटच्या पुस्तकांच्या आधी पाहिलंय.

आता म्हणाल, आमचा संबंध लोखंड ओतणाऱ्या फौंड्रीशी, तंबाखूशी नाही. पण फौंड्रीतून येणारं कास्टिंगही किलोवरच विकत घेतात. आणि दहा-वीस कामगारांच्या फौंड्रीचा निम्म्याहून जास्त माल एकच कंपनी उचलत असेल, तर त्या कंपनीच्या पर्चेसवाल्यापुढे फौंड्रीवाला तसाच उभा असतो. फरक एवढाच की आता ती खुर्ची तुमची आहे.

नवा पर्चेसवाला काय करतो? तीन कोटेशन मागवतो, सगळ्यात कमी दर दाखवून बाकीच्या दोघांना पिळतो, वर्षाअखेरीस ‘कॉस्ट सेव्हिंग’चा तक्ता साहेबांपुढे ठेवतो. मला हे काम कारकुनीचं वाटतं. खरी खरेदी भट्टीपाशी उभं राहिल्यावर कळते. समजा पंपाची 12 किलोची हौसिंग आहे. साच्यात ओतलेलं लोखंड 12 किलोपेक्षा बरंच जास्त असतं. लोखंड आत नेणारे रनर आणि जादा लोखंड पुरवणारे रायझर नंतर तोडून पुन्हा भट्टीत टाकतात. लोखंड परत मिळतं, ते वितळवायला गेलेली वीज मिळत नाही. ड्रॉइंगमध्ये एखादा बॉस, म्हणजे कास्टिंगवरचा उंचवटा, उगाच जाड ठेवलेला असेल, तर ती जागा शेवटी थंड होते, आत पोकळी धरते, आणि ती भरायला फौंड्रीवाल्याला मोठा रायझर द्यावा लागतो. तिथं काही मिलिमीटर कमी करता येतील का, हे तुमच्या डिझाइनरला आणि त्या फौंड्रीवाल्याला एका टेबलावर बसवून विचारा. यातून वाचलेला पैसा कुणाच्या पोटातून काढलेला नसतो. पिग आयर्न आणि स्क्रॅपचे दर उतरले की दुसऱ्या दिवशी दर कमी करा म्हणून फोन, चढले की ‘पुढच्या तिमाहीत बघू’, ही खोडही लावून घेऊ नका. दोन्हीकडे एकच तारीख, एकच सूत्र ठेवा.

पेमेंटचा कायदा तुम्हाला पाठ हवा. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार करार कसाही लिहा, सूक्ष्म वा लघु उद्योगाचं बिल 45 दिवसांच्या पुढे लांबवता येत नाही. लांबवलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. मालात खोट आहे असं 15 दिवसांत लेखी कळवलं नाही, तर माल स्वीकारला असंच कायदा धरतो. म्हणून कास्टिंगमध्ये ब्लो होल निघाला की फोनवर आरडाओरडा करू नका. तो पीस, फोटो, हीट नंबर आणि पत्र त्याच दिवशी पाठवा. दोन महिन्यांनी, पैसे द्यायच्या वेळी, अचानक डेबिट नोट काढणं म्हणजे जुनी ‘सूट’च, फक्त कॉम्प्युटरवर छापलेली.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर राहण्याचा तुम्हाला एक फायदा आहे. जीएसटी येण्यापूर्वी, म्हणजे जुलै 2017 च्या आधी, कोगनोळीच्या सीमेपलीकडून माल आणला की केंद्रीय विक्रीकर आणि सी फॉर्मचं लचांड मागे लागायचं; पुरवठादार कामापेक्षा कराकडे बघून निवडला जाई. आता कराच्या हिशेबानं कोल्हापूर आणि बेळगाव दोन्ही तुम्हाला सारखेच जवळ. त्यात तुम्हाला मराठी आणि कन्नड दोन्ही येतात. पुण्याहून आलेल्या पर्चेस मॅनेजरला हे कुठून जमणार?

पुरवठादारांशी संबंध जपल्याचं मोल अडचणीत कळतं. 1 फेब्रुवारी 1997 ला जपानमधल्या कारिया इथल्या आयसिन या टोयोटाच्या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह जवळपास सगळा तिथंच बनत होता. टोयोटाच्या लाइनी थांबल्या. मग इतर पुरवठादारांनी, अगदी शिलाई मशीनवाल्या ब्रदर कंपनीनंसुद्धा, दराची घासाघीस न करता तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला आणि आठवड्याभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या. सगळं एकाकडूनच घेणं ही टोयोटाची चूक होतीच. पण बिलं अडकवणाऱ्या कंपनीसाठी रात्रपाळी कुणी केली असती?

रुजू झालात की पहिल्या आठवड्यात अकाउंट्सकडून थकलेल्या बिलांची यादी मागा. सगळ्यात जुन्या बिलाच्या मालकाला स्वतः फोन करा आणि तारीख सांगा. ती पाळता येणार असेल तरच. आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कुणी मिठाईचा जड खोका घेऊन आलं, तर तो सगळ्या डिपार्टमेंटसमोर उघडा. खाली पाकीट निघालं तर ते आल्या पावली परत. काजूकतली मात्र शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांची.