खिशातला प्रोब आणि कायदा

आरोग्य केंद्रांची ड्यूटी कुणाच्या तरी गळ्यात घालून इथवर आलेल्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

  

हातात मावणाऱ्या सोनोग्राफीवरची परिषद कोल्हापुरात कशाला, असं काहींनी विचारलं. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडे बघा. पावसाळ्यात रस्ते पाण्याखाली गेले की रुग्ण शहरात आणणं मुश्कील. अशा वेळी धाप लागलेले आजोबा केंद्रात आले, तर छातीत पाणी झालंय, न्यूमोनिया आहे की हृदय थकलंय, हे प्रोब ठेवून काही मिनिटांत बरंचसं उलगडतं. दोन्ही फुप्फुसांत भरपूर बी-लाइन्स, म्हणजे उभ्या पांढऱ्या रेषा, दिसल्या की संशय हृदयाकडे वळतो. कुणाला तिथंच सांभाळायचं आणि कुणाला काहीही करून हलवायचं, हे ठरवायला एवढंही पुष्कळ असतं.

तंत्राचा इथवरचा प्रवास मोठा आहे. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी 1958 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पोटातल्या गाठींच्या ध्वनिप्रतिमा छापल्या. धातूतली भेग शोधणाऱ्या यंत्रावरून त्यांना ती वाट सापडली होती. 2017 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिलेल्या ‘बटरफ्लाय आयक्यू’ या हातात मावणाऱ्या प्रोबमध्ये नेहमीच्या स्फटिकांऐवजी सिलिकॉनच्या चिपवरचे सुमारे 9,000 सूक्ष्म संवेदक आहेत. पोटाला एक, हृदयाला दुसरा असे प्रोब बदलायला नकोत. पडद्याचं काम मोबाइल करतो.

तंत्र खिशात आलं, पण आपल्याकडे ते खिशात घालून फिरता येत नाही. गर्भलिंग निदान रोखणाऱ्या कायद्याच्या 2012च्या नियमांनुसार पोर्टेबल मशीन नोंदणीकृत जागेतल्या आंतररुग्णांसाठी वापरता येतं, नाहीतर इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात. यावर आपली कुरकुर मी दरवर्षी ऐकतो; थोडी मीही करतो. पण हा कायदा कुणाच्या लहरीतून आलेला नाही. गर्भलिंग निदानावर 1988 मध्ये देशात पहिला कायदा केला तो महाराष्ट्राने, आणि तरीही 2001 मध्ये दर हजार मुलांमागे 913 असलेल्या सहा वर्षांपर्यंतच्या मुली 2011 मध्ये 894 झाल्या. त्या मुली आपल्याच व्यवसायातल्या मशीनसमोर नाकारल्या गेल्या, हे विसरून नियम सैल करा म्हणण्याचा आपल्याला हक्क नाही.

याच कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात सोनोग्राफी मशीनना प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवले गेले. डॉक्टरांना ते रुचलं नव्हतं. आज मला वाटतं, पुढची वाट त्याच दिशेने आहे. हृदय दाखवणारा प्रोब गर्भही दाखवतो, हे कुठलंही सॉफ्टवेअर पुरतं पुसू शकणार नाही. पण प्रत्येक तपासणीची वेळ, ठिकाण आणि प्रतिमा आपोआप नोंदवणारा, त्या नोंदी सक्षम प्राधिकाऱ्याला उघड्या ठेवणारा प्रोब बनवता येतो. इंजिनिअर मंडळींनी चित्र आणखी स्पष्ट करण्याआधी हे करावं, आणि मग आपण सरकारकडे फक्त छाती आणि हृदयाच्या तपासणीसाठी सवलत मागावी. रिकाम्या हातांनी मागितलेली सवलत मिळणार नाही; मिळूही नये.

दुपारची कार्यशाळा नोंदणीकृत जागेच्या नियमामुळेच इथल्या सभागृहात ठेवलेली नाही. ती शेजारच्या नोंदणीकृत रुग्णालयात आहे. थोडी पायपीट होईल. प्रोब घेताना नोंदवहीत सही करा आणि परत देताना जेल पुसून द्या.