श्रद्धा, दान आणि पंगत
(कोल्हार येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वसंत व्याख्यानमालेत सहसा प्राध्यापक येतात, साहित्यिक येतात, इतिहाससंशोधक येतात. आम्ही सातवीनंतर शाळा सोडलेले. कारखान्याचे फाटक, कामगार न्यायालयाचा व्हरांडा आणि गावोगावची वाचनालये, एवढेच आमचे विद्यापीठ. अशा माणसाला चालकांनी 'कॅथलिक माध्यमिक शाळेतील श्रद्धा, दानधर्म आणि सहजीवन' हा विषय दिला, तेव्हा आम्ही विचारले, "बाबांनो, आम्ही ख्रिस्ती नाही, शिक्षक नाही, आम्हीच का?" उत्तर मिळाले, "तुम्ही त्या फाटकाशीही उभे राहिला आहात, म्हणून." हे उत्तर थोडे टोचणारे होते. त्यामुळेच आम्ही होकार दिला.

प्रथम इतिहास थोडक्यात पाहू. आपल्या या जिल्ह्यात, ज्याला कालपरवापर्यंत नगर म्हणत आलो आणि २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतो, ख्रिस्ती शाळा ही नवी गोष्ट नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगर शहरात ठाणे घातले. मिस फॅरर यांची नगरची मुलींची शाळा पाहून जोतिराव फुले प्रभावित झाले, हे आपणास ठाऊक आहे. ते प्रॉटेस्टंट पंथाचे. कॅथलिक मिशन आले त्यानंतर, १८७८ मध्ये. फादर ओट्टो वाइसहाउप्ट या जेझुइट संन्याशाने राहुरी तालुक्यातील वळण-केंदळ भागात काम सुरू केले. साल लक्षात घ्या. १८७६ ते १८७८ हा महादुष्काळाचा काळ. विहिरी आटलेल्या, जनावरे मेलेली, माणसे रस्त्याला लागलेली. पुढे याच केंदळला फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये 'निरोप्या' हे मराठी मासिक काढले. खेड्यात बसून, खेड्यातल्या माणसांसाठी, मराठीत! नंतर हेच डोरिंग पुण्याचे बिशप झाले.

या मिशनच्या शाळा म्हणजे सुरुवातीला एक खोली आणि एक मास्तर. तोच मास्तर दिवसा मुळाक्षरे शिकवी आणि संध्याकाळी प्रार्थना घेई. पुढे बोर्डिंगे निघाली, माध्यमिक शाळा निघाल्या; संगमनेरचे ज्ञानमाता विद्यालय आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. शिकायला येणारी मुले बहुतेक महार-मांगांची, वस्तीवरची, ज्यांना गावच्या शाळेत दाराबाहेर बसावे लागे त्यांची. येथे त्यांना आत बसायला जागा मिळाली.

या लोकांवर एक आरोप फार जुना आहे. "पोटासाठी बाटले," असे म्हणतात. आम्ही कामगार चळवळीतले. आम्हाला पोट या शब्दाची लाज वाटत नाही. दुष्काळात ज्याच्या घरी दाणा नाही, त्याने भाकरी देणाऱ्याचा हात धरला तर त्याला दोष देण्याआधी, ज्यांच्या कोठारात दाणा होता त्यांचे हात कोठे होते हे विचारले पाहिजे. शिवाय निव्वळ भाकरीसाठी धरलेला धर्म भाकरी मिळाली की सुटतो. येथे तर पाच-सहा पिढ्या गेल्या, भाकरी देणारे परदेशी फादर गेले, तरी हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरमध्ये लोटणारी गर्दी ओसरत नाही. आणि त्या गर्दीत केवळ ख्रिस्ती नसतात. कोल्हारच्या लोकांना हे समजावून सांगायला नको. ज्या गावाची ओळखच भगवतीमातेच्या नावाने आहे, तेथे आईपाशी जाणाऱ्याला जात-धर्म विचारीत नाहीत. याच प्रवरेच्या काठी, खाली नेवाशाला, ज्ञानदेवांनी साऱ्या विश्वासाठी मागणे मागितले. नदी तीच आहे.

आता दानाकडे वळू. १९७२ च्या दुष्काळात आम्ही आईच्या कडेवर होतो. आई सांगे, की खडी फोडण्याच्या कामावर सरकारी सुकडी मिळे, आणि मिशनच्या आवारात दूधभुकटी आणि तेल मिळे. "तेल घ्यायला गेले तर सिस्टरने आधी तुला तपासलं, मग माझ्या डोळ्यांत बघितलं," असे ती म्हणे. तेल किती दिले हे तिला आठवत नसे, पण डोळ्यांत बघितलेले आठवे. दानाचे मोल मापात नसते, ते कशा रीतीने दिले यात असते, हा पहिला धडा आम्ही निरक्षर आईकडून शिकलो.

पण त्याच दुष्काळाने आणखी एक गोष्ट दिली. वि. स. पागे यांनी पुरस्कारलेली रोजगार हमी योजना त्या काळात महाराष्ट्रभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. सुकडी ही दया होती. हमी हा हक्क झाला. सुकडीसाठी आईला रांगेत मान खाली घालून उभे राहावे लागे. हमीच्या कामावर ती मुकादमाला दरडावून विचारी, "माझी हजेरी का मांडली नाही?" बाई तीच, दुष्काळी रान तेच. फरक एका कायद्याचा.

म्हणजे दान वाईट आणि हक्क चांगला, असे आम्हाला म्हणायचे आहे काय? पूर्वी आम्ही तसेच म्हणत असू. पुढे एक प्रसंग घडला. तो सांगतो. त्या शाळेचे आणि त्या माणसांची नावे सांगणार नाही. ती शाळा कोल्हारची नव्हे, एवढेच सांगतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका कॅथलिक शाळेच्या बोर्डिंगात स्वयंपाक करणाऱ्या पाच बाया आणि रात्रीचा एक राखणदार युनियनच्या कचेरीत आले. पहाटे चारला चूल पेटवायची, दीडशे मुलांच्या भाकरी थापायच्या, रात्री भांडी घासून घरी जायचे. महिन्याला हातावर पडे ते 'मानधन'. शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून, वेतनश्रेणीप्रमाणे. या बायांना मात्र कोणतीच श्रेणी नाही. कायदा लागू होतो की नाही यावर वकिलांत दोन मते. आम्ही प्राचार्य फादरांना भेटलो. ते म्हणाले, "ही सेवा आहे. मीही पगार घेत नाही. माझा पगार बोर्डिंगात जातो." आणि ते खरे होते. त्यांनी हिशेबाची वही पुढे टाकली. एक रुपया इकडचा तिकडे नव्हता. तीस-चाळीस मुलांकडून ते फी घेतच नव्हते.

मालक लबाड असला म्हणजे आमचे काम सोपे असते. येथे समोरचा माणूस आमच्याहून साधा राहणारा, आणि तरीही पाच बायांवर अन्याय चाललेला. फादरांनी संन्यास स्वखुशीने घेतला होता. त्या बायांनी गरिबीचे व्रत घेतले नव्हते. गरिबी त्यांच्यावर लादलेली होती. स्वतःच्या त्यागाच्या मापाने दुसऱ्याची मजुरी मोजता येत नाही.

जुन्या पुस्तकांच्या दुकानात आम्हाला एक इंग्रजी पुस्तिका मिळाली होती. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या मे महिन्यात काढलेले 'रेरुम नोव्हारुम' हे पत्रक. शब्दकोश हाताशी घेऊन ते आम्ही महिनाभर वाचले होते. मजुराने नाइलाजाने कमी मजुरी कबूल केली तरी तेवढ्याने ती न्याय्य ठरत नाही. त्याचे पोट भरेल इतके वेतन हा न्यायाचा प्रश्न आहे आणि कामगारांना संघटना करण्याचा अधिकार आहे, असा त्यातला आशय. १९५५ मध्ये तर पोप बारावे पायस यांनी आमचा १ मे हा दिवसच सुतार योसेफाच्या नावे चर्चच्या पंचांगात घातला. हे सारे आम्ही पुढच्या बैठकीत मांडले. फादर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दोन महिन्यांची मुदत द्या."

पगार दोन टप्प्यांत वाढला. भविष्यनिर्वाह निधी सुरू झाला. राखणदाराला साप्ताहिक सुट्टी मिळाली. फाटकाशी आम्ही पेढे वाटले.

आता पुढचे ऐका. जूनमध्ये बोर्डिंगची फी वाढली. वाढवावीच लागली; पैसा दुसरा कोठून येणार? त्या वर्षी काही मुले परतली नाहीत. त्यांतले एक आमच्याच युनियनच्या ऊसतोडणी कामगाराचे होते. त्याचा बाप कचेरीत आला आणि एवढेच म्हणाला, "भाऊ, पेढा गोड होता, पण पोरगं कोयत्यावर गेलं." आम्हाला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही. लढा चुकीचा नव्हता. तो अर्धा होता. बायांच्या मजुरीचा हिशेब आम्ही मांडला, पण ती मजुरी अखेर कोणाच्या ताटातून येणार हे विचारले नाही. पुढे आम्ही, फादर आणि काही माजी विद्यार्थी मिळून गावोगाव फिरलो, धान्य गोळा केले, तेव्हा त्यातली काही मुले परत आली. सगळी नाही.

या प्रसंगानंतर आम्ही बायबल उघडले. पौलाच्या पत्रात श्रद्धा आणि आशा यांच्या जोडीला जो तिसरा गुण सांगितला आहे, त्याला जुन्या इंग्रजी भाषांतरात 'चॅरिटी' म्हटले आहे. मराठी बायबलात तेथे 'प्रीती' हा शब्द आहे. आमच्या मते मराठी शब्द अधिक खरा आहे. चॅरिटी म्हटले की आपल्याला वरून खाली येणारा हात दिसतो. प्रीतीत वर-खाली नसते. आणि प्रीती न्यायाच्या आड येऊ शकत नाही, कारण ज्याच्यावर प्रीती आहे त्याची मजुरी आपण कशी बुडवू?

सहजीवनाचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचे. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग सुरू झाले, आणि तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवली. स्वयंपाक, झाडलोट, शेतकाम मुलेच करीत. अण्णांनी लोकांकडून मूठमूठ धान्य मागितले, पण मुलांना मिंधे होऊ दिले नाही. कॅथलिक बोर्डिंगातही पंगत एकच असते. पूर्वी ज्याच्या सावलीचा विटाळ मानीत, त्याच्या हातची भाकरी तेथे सर्वांनी खाल्ली. धर्मग्रंथाची शंभर प्रवचने जे करीत नाहीत, ते एक पंगत करते.

परंतु या पंगतीतून उठून बाहेर पडलेल्या मुलाचे काय होते? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो नाही. महाराष्ट्रात त्याला इतर मागासवर्गात धरतात. एकाच आजोबाचे दोन नातू. एक अनुसूचित, दुसरा नाही. वस्ती तीच, विहीर तीच, गावाची नजरही तीच! या प्रश्नासाठी माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग २०२२ मध्ये नेमला गेला. श्रद्धेची किंमत मुलाच्या शिष्यवृत्तीतून वसूल होता कामा नये, एवढे आम्ही येथे स्पष्ट सांगतो.

आणि दुसऱ्या बाजूलाही एक प्रश्न विचारतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील गरिबांसाठी पंचवीस टक्के जागांचे बंधन अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. घटनेने दिलेले स्वातंत्र्य आम्हाला मान्य आहे. पण ज्या मिशनची सुरुवात वळण-केंदळच्या दुष्काळात, सर्वांत गरिबाच्या झोपडीत झाली, त्याच्या वारसदारांना गरिबाला बाक देण्यासाठी कायद्याची गरज का पडावी? आज शहरोशहरी इंग्रजी माध्यमाच्या कॉन्व्हेंटच्या दारात मोटारींची रांग लागते. त्या रांगेत ऊसतोडणी कामगाराची बायको कोठे उभी राहणार, हे शाळाचालकांनी स्वतःच्या श्रद्धेला विचारावे. सरकारने तर आधी विचारावे, कारण बोर्डिंगांना पुरेसे अनुदान मिळाले असते तर स्वयंपाकिणीची मजुरी आणि मुलाची फी एकमेकींच्या समोर उभ्या राहिल्या नसत्या.

आणि आपण? शेजारी प्रवरानगर आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून साखर कारखाना उभा केला, तेव्हा लहानलहान शेतकऱ्यांच्या पैशांतून चाके फिरू शकतात हे या पंचक्रोशीने जगाला दाखविले. जे उसासाठी जमले, ते मुलांच्या ताटासाठी का जमू नये? मग ते ताट फादरांच्या बोर्डिंगातले असो, रयतच्या असो की सरकारी वसतिगृहातले. वर्षाला एक पायली ज्वारी फार नाही. पण ती देताना आईला दिसले ते दिसले पाहिजे. घेणाऱ्याच्या डोळ्यांत पाहून द्या. आणि ती भाकरी थापणाऱ्या बाईला तिचा दाम पुरा मिळतो की नाही, तेही विचारा.