गॅरेजची फट आणि माझी चूक

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी म्हणाले, "काका, पंचवीस वर्षांतली एखादी आठवण सांगा, पण पाच मिनिटांत." गणपती, कोजागिरी, पाण्याची टाकी, सगळ्यांवर माझ्याआधी बोलून झालंय. माझ्या वाट्याला उरली मागच्या गॅरेजची फट. हसू नका. ती बुजवताना माझ्या हातून एक मोठी चूक झाली होती. ती आज सगळ्यांसमोर सांगून टाकतो.

आपली सहा गॅरेजं बी विंगच्या मागच्या भिंतीला टेकून आहेत. विटांच्या भिंती, वर लोखंडी पन्हळी पत्रे. ताबा मिळाला तेव्हा भिंत आणि पत्रा यांच्यात चांगली चार बोटं फट होती. पहिल्याच पावसाळ्यात पश्चिमेची झड थेट गाड्यांवर आली. कबुतरांनी संसार थाटले. उंदरांनी दोन स्कूटरच्या वायरी कुरतडल्या. सभेत ठराव झाला की फट बुजवायची, आणि मी हौसेनं काम अंगावर घेतलं. गवंडी बोलावून सिमेंटचा माल भरला. शाल-श्रीफळही मिळालं!

पुढच्या मेमध्ये त्या सिमेंटला आडव्या भेगा. दोष गवंड्याचा नव्हता. लोखंड उन्हानं वाढतं, गारव्यानं आखडतं. सहा मीटरचा पत्रा 40 अंशांच्या फरकानं जवळपास 3 मिलिमीटर लांबतो. भिंत जागची हलत नाही, पत्रा रोज हलतो, आणि मधलं ताठ सिमेंट तडकतं.

मला मात्र वाटलं, काम पुरेसं घट्ट झालं नाही. म्हणून दुसऱ्या वर्षी चारी बाजूंनी फुगणारा फोम मारला आणि शटरखाली रबरी पट्ट्या लावल्या. आत वारासुद्धा येईना. मी खूश.

त्याच डिसेंबरात एका पहाटे आपल्या अण्णांनी जुनी गाडी चोक ओढून सुरू केली. बाहेर थंडी, म्हणून शटर खाली ओढलेलं. गाडी तापेपर्यंत काच पुसत बसले. दूध घालायला आलेल्या पोराला बंद शटरमागे इंजिनाचा आवाज ऐकू आला, पण हाकेला उत्तर येईना. त्यानं शटर वर केलं. अण्णा बॉनेटवर डोकं टेकून बसले होते. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, संध्याकाळी घरी आले. आज ते पहिल्या रांगेत आहेत, आणि त्यांच्या परवानगीनंच हे सांगतोय.

धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तात ऑक्सिजनची जागा तो घेतो आणि माणसाला कळतही नाही. अण्णांनी मला कधी बोल लावला नाही. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावोजी, पाऊस अडवायचा होता ना? मग वारा कशाला अडवलात?"

त्या प्रश्नावरच पुढचं सगळं काम झालं. आम्ही फट 'बुजवायची' हा शब्दच सोडला. पाणी अडवायचं, जनावर अडवायचं, वारा येऊ द्यायचा, अशी तीन वेगळी कामं केली.

पत्रा जिथे इमारतीला टेकतो, तिथे भिंतीत खाच पाडून वाकवलेल्या पत्र्याची झाकपट्टी बसवली. तिची वरची कड खाचेत, रबरासारखं लवचीक राहणारं सीलंट भरून. खालची कड पत्र्यावर नुसती टेकलेली, म्हणजे पत्रा सरकला तरी सांधा फुटत नाही. पश्चिमेला पत्र्याच्या कडेपासून वीतभर झालर खाली सोडली, भिंतीपासून दोन बोटं लांब. झड तिच्यावर आपटते, वारा मागून आत जातो. आणि सगळ्या उघड्या फटींना जस्ताची जाळी, 6 मिलिमीटरपेक्षा बारीक भोकांची. कारण जिथे करंगळी जाते तिथे उंदराचं पिल्लूही जातं. नुसत्या फोमला उंदीर जुमानत नाहीत. आमचा त्यांनी दिवाळीआधीच पोखरला होता.

ते काम आजही टिकून आहे. सीलंट मात्र उन्हानं कडक होतं, तेवढं मध्ये दोनदा बदललं.

नव्या कमिटीला आणि तरुण मंडळींना तीन विनंत्या. दर मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी, दुपारी आत उभं राहून वर बघा. जिथून उजेड दिसतो तिथे जाळी शाबूत आहे का, ते पाहा. दुसरं, गार लागतं म्हणून त्या जाळीत पोती, चिंध्या कोंबू नका. आणि तिसरं, फट कितीही मोकळी असली तरी बंद शटरमागे इंजिन चालवू नका. आधी शटर पूर्ण वर, मग चावी.

जाता जाता, त्या दूधवाल्या पोराचा सत्कार करायचा आपल्याकडून राहून गेला. शाल मला मिळाली होती, ती खरी त्याची. कुणाला त्याचा ठावठिकाणा माहीत असेल तर ऑफिसात कळवा, ही माझी चौथी विनंती.