मूल पडलं, तर रस्ताही तपासा



मूल सायकलवरून पडलं की आपण म्हणतो, पोरगं खोडकर आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एकच तक्रार शंभर जणांकडून आली, तर आम्ही माणसांना नाही, प्रोग्रामला तपासतो.

नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर ४०० हून अधिक मुलं दगावली. पालक रस्त्यावर उतरले. पुढे सायकलींना वेगळे मार्ग मिळाले, वस्तीतल्या गाड्यांचा वेग कमी केला गेला. आज तिथली बहुतेक मुलं हेल्मेटशिवाय शाळेत जातात. आपल्या नेरमध्ये अमरावती-यवतमाळ रस्त्यावर ट्रक, एसटी आणि शाळकरी सायकल शेजारी-शेजारी धावतात. मुलं दोन्हीकडे सारखीच, रस्ते वेगळे. म्हणून हेल्मेट इथे हवंच, पण तेवढ्यावर भागत नाही.

गल्लीतली इजा आणखी वेगळी. कॅरिअरवर बसलेल्या धाकट्याची टाच मागच्या चाकाच्या तारांत अडकते. त्यावर उपाय साधा आहे, चाकाला जाळी.

तेव्हा या आठवड्यात दोन कामं करा. मोहल्ल्यातल्या मुलांच्या सायकलींचे ब्रेक आणि जाळ्या बघा. आणि शाळेजवळ गाड्यांचा वेग कमी व्हावा म्हणून नगर परिषदेत सह्यांचा अर्ज द्या. अर्जावर सगळ्या समाजांच्या पालकांच्या सह्या घ्या. रस्ता सगळ्यांचाच आहे.