माहितीची किल्ली कोणाच्या हाती?



एकोणिसाव्या शतकात मुंबई वैभवाला चढली ती बंदर आणि कापडगिरण्या यांच्या बळावर. आज त्याच महानगराच्या परिसरात, ऐरोली, महापे, रबाळे, पनवेल या पट्ट्यात, गिरण्यांइतक्याच भव्य परंतु खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या राहत आहेत. तेथे भोंगा वाजत नाही, कामगारांची पाळी सुटत नाही. आत हजारो संगणक मात्र अहोरात्र जागे असतात. या इमारती म्हणजे डेटा सेंटर. भाजीवाल्याला मोबाइलवरून दिलेल्या वीस रुपयांची नोंद, रुग्णालयातील तपासणीचा अहवाल, विद्यापीठाची गुणपत्रिका हे सारे अशाच कुठल्यातरी इमारतीत सुरक्षित असते, किंवा असावे अशी अपेक्षा असते.

हा उद्योग मुंबईकडे वळला तो योगायोगाने नव्हे. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या अनेक केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, आणि बँका व शेअर बाजार यांची मुख्यालयेही येथेच आहेत. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने देयक व्यवहारांची माहिती केवळ भारतातच साठवण्याचा आदेश दिला. २०२२ च्या अर्थसंकल्पात डेटा सेंटरांना पायाभूत सुविधेचा दर्जा देण्याची घोषणा झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने विशाखापट्टणम येथे पाच वर्षांत १५ अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीची घोषणा केली. पैसा येतो आहे, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु या उद्योगाचे अग्रक्रम कोणते आणि त्यांत राष्ट्राचे अग्रक्रम किती, हा विचार त्या आनंदात हरवू नये.

उद्योगाचा पहिला अग्रक्रम अखंड सेवेचा. सर्वोच्च श्रेणीच्या केंद्राने वर्षभरात सुमारे २६ मिनिटांपेक्षा अधिक काळ बंद राहू नये, असा संकेत आहे. त्यासाठी वीज दोन मार्गांनी घेतली जाते, बॅटऱ्या आणि डिझेल जनित्रे सज्ज ठेवली जातात. एवढे करूनही इमारत एकच असेल तर धोका टळत नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली. सहाशेहून अधिक शासकीय यंत्रणा ठप्प झाल्या आणि सरकारी कर्मचाऱ्यांची ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली, कारण तिची दुसरी प्रत अन्यत्र ठेवलेलीच नव्हती. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या देशाची ही अवस्था!

दुसरा अग्रक्रम विजेचा. कृत्रिम बुद्धिमत्तेने येथील सारी गणिते बदलली आहेत. संगणकांच्या ज्या एका कपाटाला पूर्वी पाच-दहा किलोवॉट वीज पुरे, त्याच आकाराच्या नव्या कपाटाला सुमारे १२० किलोवॉट लागते. एक मेगावॉटचा भार महिनाभर अखंड चालला तर ७ लाख २० हजार युनिट खर्ची पडतात. महिन्याला दोनशे युनिट वापरणाऱ्या ३६०० कुटुंबांची ही वीज. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील सुमारे दीड टक्का वीज डेटा सेंटरांनी वापरली आणि २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून अधिक होईल. आयर्लंडमध्ये तर २०२३ साली देशातील मोजलेल्या वीजवापराचा २१ टक्के वाटा या केंद्रांकडे गेला. डब्लिन परिसरात नव्या जोडण्यांना लगाम घालावा लागला तो यामुळेच. आपल्याकडे ती वेळ येण्यापूर्वीच नियोजन झालेले बरे.

विजेपाठोपाठ पाणी येते. एवढी उष्णता काढून टाकण्यासाठी अनेक केंद्रे पाण्याची वाफ करून गारवा मिळवतात. चेन्नई हे या उद्योगाचे देशातील आणखी एक मोठे ठाणे, आणि त्याच शहराचे चार मुख्य जलाशय २०१९ च्या उन्हाळ्यात आटले होते. पिण्याच्या पाण्याऐवजी शुद्ध केलेले सांडपाणी वापरण्याची अट आरंभीच घातली पाहिजे. इमारत उभी राहिल्यावर घातलेली अट कागदावरच राहते.

आता मूळ प्रश्न. इमारत आपल्या भूमीवर आहे, एवढ्याने आतली माहिती आपल्या ताब्यात राहते काय? जुलै २०२५ ची घटना बोलकी आहे. गुजरातमधील वाडीनारची तेलशुद्धीकरण कंपनी नायरा एनर्जी हिच्यावर युरोपीय संघाने निर्बंध लादले. कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा सुमारे ४९ टक्के हिस्सा आहे. भारताने असे कोणतेही निर्बंध लावलेले नव्हते. तरीही मायक्रोसॉफ्टने कंपनीची ईमेलसह अन्य सेवा थांबवली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि त्यानंतर सेवा पूर्ववत झाली. शुद्धीकरण भारतात, ग्राहक भारतीय, कायदा भारताचा. कळ मात्र दुसऱ्याच्या हाती!

अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड कायद्यानुसार तेथील कंपन्यांकडील माहिती, ती जगात कोठेही साठवलेली असो, अमेरिकी न्यायव्यवस्था मागवू शकते. म्हणजे माहिती कोठे आहे याइतकेच ती कोणाच्या अधिकारात आहे हेही महत्त्वाचे ठरते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने प्रगत चिपच्या निर्यातीवर देशनिहाय मर्यादा घालणारा नियम जाहीर केला, आणि भारताला निर्बंधमुक्त मित्रदेशांच्या यादीत स्थान मिळाले नाही. मे महिन्यात तो नियम मागे घेतला गेला. पण जो नियम आज मागे घेता येतो, तो उद्या पुन्हा आणताही येतो.

भारताला हा अनुभव नवा नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेने शक्तिशाली महासंगणक देण्याचे नाकारले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' साकार झाला. नकाराला तक्रारीने नव्हे, तर निर्मितीने उत्तर दिले गेले.

याचा अर्थ परकीय गुंतवणूक झिडकारावी असा नव्हे. दारे बंद करून कोणी समर्थ होत नाही. परंतु पाहुण्याला ओसरी देताना तिजोरीची किल्ली कमरेलाच ठेवायची, हा साधा गृहस्थधर्म आहे. सवलती देताना शासनाने गुंतवणुकीच्या आकड्याबरोबर वीज, पाणी आणि नियंत्रण यांचाही हिशोब मागावा. चिप, प्रणाली आणि सांकेतिक कुलपे देशात घडवण्याच्या कामाला दीर्घकाळ बळ द्यावे, कारण एका अर्थसंकल्पात हे काम पुरे होणार नाही.

आणि हे केवळ दिल्लीचे काम नव्हे. गावोगावच्या सहकारी बँका, पतसंस्था, शिक्षणसंस्था आणि रुग्णालये यांच्या संचालक मंडळांत बसणारी माणसे याच समाजातील आहेत. त्यांनी पुढच्या बैठकीत चार प्रश्न विचारावेत. आपल्या सभासदांची माहिती कोठे आहे? तिची दुसरी प्रत दुसऱ्या शहरात आहे काय? ती कोणत्या देशाच्या कायद्याखाली येते? आणि सेवा उद्या सकाळी अचानक थांबली, तर परवा सकाळी काम सुरू करता येईल काय? ज्या संस्थेला या चारही प्रश्नांची उत्तरे देता येतील, तिच्यापुरती तरी किल्ली आपल्या हाती आली असे म्हणता येईल.