फोटो काढला कोणी?

आज सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

मागच्या भागात आपण दुसऱ्या महायुद्धातल्या ज्यूंच्या घेट्टोंबद्दल बोललो. त्या भागाचं थंबनेल आठवतंय? रंगीत फोटो होता. कारखान्यात ओळीनं बसून काम करणारी माणसं, कपड्यांवर पिवळे तारे, सगळीकडे छान उजेड. मी तो निवडला कारण तो रंगीत होता. खरं सांगायचं तर मोबाइलवर स्क्रोल करताना काळ्या-पांढऱ्या फोटोवर बोट थांबत नाही.

भाग आला आणि दुसऱ्या दिवशी एका मुलीचा मेसेज आला. एकच ओळ. "ताई, हा फोटो काढला कोणी?"

मी बिनधास्त उत्तर दिलं, असेल घेट्टोतलाच कुणीतरी. मग रात्री शोधायला बसले आणि माझीच झोप उडाली.

हा फोटो पोलंडमधल्या एका शहराचा. इंग्रजी स्पेलिंग वाचून आपण 'लॉड्झ' म्हणतो, पण पोलिश माणसं 'वुच' म्हणतात. आपणही वुचच म्हणू. जर्मनांनी 1939 मध्ये हे शहर घेतलं, त्याचं नाव बदलून लित्समानश्टाट केलं आणि 1940 च्या वसंतात तिथल्या घेट्टोचे दरवाजे बंद केले. आत 1,60,000 च्या आसपास ज्यू. पुढे बाहेरूनही माणसं आणून कोंबली. तिथं जर्मन प्रशासनाच्या हिशेब खात्याचा प्रमुख होता वॉल्टर गेनेवाइन नावाचा ऑस्ट्रियन. नाझी पक्षाचा माणूस. त्याला फोटोग्राफीची हौस. हातातला कॅमेरा ज्यूंकडून जप्त केलेला. त्यावर त्यानं रंगीत स्लाइड काढल्या. सुमारे 400 स्लाइड 1987 मध्ये व्हिएन्नात एका जुन्या वस्तूंच्या दुकानात निघाल्या. माझं थंबनेल त्यातलंच.

अजून एक गोष्ट वाचली, ती डोक्यातून जात नाहीये. स्लाइडमध्ये लालसर-तपकिरी झाक येते म्हणून या माणसानं फिल्म बनवणाऱ्या आग्फा कंपनीला तक्रारीची पत्रं लिहिली होती. समोर माणसं उपाशी मरतायत, आणि याची तक्रार रंगाबद्दल!

त्याला दाखवायचं होतं की बघा, आमचा घेट्टो किती नीट चाललाय. आणि मी 80 वर्षांनी त्याचंच काम पुढे नेलं. फुकटात.

असो. आता त्याच घेट्टोतल्या दुसऱ्या कॅमेऱ्याकडे येऊ. आजचा भाग खरं तर त्याचाच आहे.

हेन्रिक रॉस. जन्म 1910 चा. युद्धाआधी वर्तमानपत्रांसाठी, खेळांचे वगैरे फोटो काढायचा. घेट्टोत त्याला काम मिळालं ते ज्यू प्रशासनाच्या सांख्यिकी विभागात. ओळखपत्रांचे फोटो काढायचे आणि कारखान्यांचे. हे कारखाने म्हणजे घेट्टोचा श्वास होता. घेट्टोचा ज्यू प्रमुख हाइम रुमकोव्स्की याचा हिशेब असा, की आपण जर्मनांच्या उपयोगी पडलो तर ते आपल्याला मारणार नाहीत. म्हणून गणवेश शिवा, बूट बनवा. आणि त्याचे फोटो वर पाठवा.

रॉसला फिल्म मोजून मिळायची. त्यानं युक्ती केली. पायऱ्या-पायऱ्यांचा एक मंच बनवला, त्यावर एका वेळी बरीच माणसं उभी केली आणि एकाच निगेटिव्हवर सगळ्यांचे चेहरे घेतले. नंतर कापून वेगळे केले की झालं. वाचलेली फिल्म त्याची स्वतःची. त्या फिल्मवर तो जे काढत होता त्याला परवानगी नव्हती. पकडला गेला असता तर मरण ठरलेलं होतं, त्याचं आणि घरच्यांचंही. कॅमेरा कोटाच्या आत. बटण उघडायचं, फोटो घ्यायचा, कोट बंद. बायको स्टेफानिया सोबत असायची.

काय काय काढलं त्यानं? हे ऑडिओ माध्यम आहे, त्यामुळे फोटो मला तोंडानंच दाखवावे लागणार. घोड्यांऐवजी माणसं मैल्याची गाडी ओढतायत. उद्ध्वस्त केलेल्या सिनेगॉगच्या ढिगाऱ्यातून तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, उचलून नेणारा एक माणूस. आणि एक बुजगावणं, ज्याच्या कोटावरही पिवळा तारा आहे.

मग सप्टेंबर 1942. जर्मनांनी मागणी केली : 10 वर्षांखालची मुलं, 65 च्या वरची म्हातारी माणसं आणि आजारी माणसं द्या. रुमकोव्स्कीनं जमलेल्या लोकांसमोर उभं राहून आईबापांकडे मुलं मागितली. आठवडाभरात 15,000 हून जास्त माणसं नेली आणि खेल्मनोला विषारी वायूनं मारली. रॉसच्या फोटोत तारेच्या जाळीच्या अलीकडे आणि पलीकडे माणसं उभी आहेत. जाणारे आणि राहणारे. चेहरे जाळीला टेकलेले.

एकदा तर तो थेट रेल्वे स्टेशनात घुसला, जिथून गाड्या ऑश्वित्झला जात होत्या. तिथं काम करणाऱ्या ओळखीच्या माणसांनी त्याला सिमेंटच्या गोदामात कोंडलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो आत. फळीला भोक होतं, त्यातून गाडीत चढवली जाणारी माणसं टिपली. बाहेरून मारहाणीचे आवाज येत होते, आणि आत याला खोकायचीही चोरी.

ऑगस्ट 1944 मध्ये घेट्टो रिकामा केला गेला. 60,000 हून जास्त माणसं ऑश्वित्झला गेली. साफसफाईसाठी मागे ठेवलेल्या काहीशे माणसांत हेन्रिक आणि स्टेफानिया होते. त्याआधी त्यानं निगेटिव्ह डब्यांत भरल्या, डबे डांबर लावलेल्या पेटीत ठेवले आणि पेटी जमिनीत पुरली. सुमारे 6,000 निगेटिव्ह. आपण वाचू असं त्याला वाटत नव्हतं. निदान फोटो तरी राहतील, एवढाच विचार.

जानेवारी 1945 मध्ये सोव्हिएत सैन्य आलं. मार्चमध्ये त्यानं पेटी उकरली. पाणी शिरलं होतं. जवळपास अर्ध्या निगेटिव्ह गेल्या. उरलेल्यांतल्या काहींवर ओलीचे डाग असे पसरलेत की चेहऱ्याच्या जागी ढग दिसतो. पुढे तो इस्राएलला गेला. 1961 मध्ये आइशमनच्या खटल्यात त्यानं साक्ष दिली, आणि हे फोटो तिथं पुरावा म्हणून दाखवले गेले. आज ते कॅनडात, टोरोंटोच्या आर्ट गॅलरी ऑफ ओंटारिओमध्ये आहेत.

त्याच विभागात मेंडेल ग्रॉसमन नावाचा आणखी एक फोटोग्राफर होता. हृदय कमजोर, तरी तोही चोरून फोटो काढत राहिला. 1945 मध्ये कैद्यांना पायी हाकलत नेताना तो वाटेत मेला. त्यानं लपवलेल्या निगेटिव्ह बहिणीनं शोधून इस्राएलला नेल्या आणि त्यातल्या बहुतेक 1948 च्या युद्धात गेल्या. काही प्रती मित्रांना वाटल्या होत्या, म्हणून थोडंफार उरलं. नशीब म्हणायचं की काय म्हणायचं, मला कळत नाही.

आता रॉसच्या फोटोंचा दुसरा भाग. यावर मला थोडं थांबायचंय, कारण मी इथं अडकलेय.

त्या पेटीत हसणारी माणसंही होती. वाढदिवसाचं टेबल, त्यावर खायला. झाडाखाली एकमेकांना मिठी मारलेलं जोडपं. लग्न. घेट्टो पोलिसांची गुबगुबीत मुलं. एका फोटोत एक मुलगा छोटा पोलिसाचा गणवेश घालून दुसऱ्या मुलाशी 'पोलीस आणि ज्यू' खेळतोय. हे बरेचसे फोटो रॉसच्या हयातीत लोकांसमोर आलेच नाहीत. तो 1991 मध्ये वारला, आणि त्यातले बरेच 2004 साली पुस्तकात छापून आले. तेव्हा लोक बिचकले. एकीकडे 40,000 हून जास्त माणसं घेट्टोतच भुकेनं, रोगानं मेली, आणि दुसरीकडे हे जेवण?

मलाही पहिल्यांदा राग आला. पोलिसांना, अधिकाऱ्यांना जास्त शिधा मिळायचा हे खरंच आहे. पण मग मी तेच फोटो पुन्हा पाहिले. मिठी मारलेल्या जोडप्याच्या कपड्यांवरचा तारा पाहिला. मला राग नक्की कशाचा आला होता? त्यांनी माझ्या मनातल्या पीडितासारखं दिसायला नकार दिला, याचाच ना? ते पोरगं पुढच्या गाडीतून गेलं असेल. मग त्याचा हसरा फोटो लपवायचा कुणाच्या सोयीसाठी?

आणि हो, गेनेवाइनच्या फोटोतही माणसं नीटनेटकीच दिसतात. तरी दोन्ही एक नाहीत. गेनेवाइन ती माणसं मोजत होता. रॉस त्यांच्याच टेबलाशी बसला होता, त्याच्याही कोटावर तारा होता. हा फरक फोटोत दिसत नाही, मान्य. तो फोटोबाहेरून समजून घ्यावा लागतो. म्हणून तर त्या मुलीचा प्रश्न मला इतका लागला.

तर, जुनं थंबनेल काढलंय. गेनेवाइनचे फोटो कुणी बघूच नयेत असं माझं म्हणणं नाही, पुरावा म्हणून ते लागतातच. पण ज्या भागात मी त्याचं नावही घेतलं नाही, त्याच्या दारावर त्याचा फोटो नको. नव्या थंबनेलवर सध्या फक्त अक्षरं आहेत. रॉसचा फोटो वापरण्यासाठी गॅलरीला ईमेल पाठवलाय, उत्तर आलं की लावू. खाली नाव लिहून.

मेसेज करणाऱ्या मैत्रिणी, थँक्यू.