चारचौघांतली भीती, चारचौघांतला उपचार



व्हायव्हाच्या दिवशी हमखास आजारी पडणारा, प्रोजेक्टच्या स्लाइड्स रात्र जागून बनवून बोलायला मात्र दुसऱ्याला पुढे करणारा विद्यार्थी आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ‘लाजाळू आहे, होईल धीट’ असे म्हणून त्याला सोडून दिले जाते. पण हा सामाजिक भयगंड, म्हणजे चारचौघांची तीव्र भीती, असू शकतो. ज्यांना तो होतो, त्यांतल्या बहुतेकांना तो कुमारवयातच गाठतो. कॉलेजात तो मार्क, मैत्री आणि मुलाखती यांच्या आड येऊ लागतो.

यावर गटात उपचार करता येतो. पण चारचौघांना घाबरणाऱ्यांनाच गटात बसवायचे? प्रश्न रास्त आहे. पण अमेरिकेत ऑल्बनीच्या विद्यापीठात रिचर्ड हाइमबर्ग यांनी १९८०च्या दशकात नेमका काट्यानेच काटा काढला. सहाएक जण, दोन उपचारक, आठवड्याला अडीच तासांची एक बैठक, असे बारा आठवडे.

बैठकीत चालते काय? समजा, एखादीला वर्गात सेमिनार द्यायचा आहे. ‘आवाज थरथरेल, सगळे हसतील’ हे तिचे भाकीत आधी लिहून घेतात. ‘सगळे म्हणजे कोण? हसले तर पुढे काय?’ अशी त्याची उलटतपासणी होते. मग ती गटासमोर उभी राहते. दर मिनिटाला घबराटीला शून्य ते शंभर असे गुण देते. शेवटी गटालाच विचारतात, थरथर किती जणांना जाणवली? एकट्या उपचारकाने दिलेला दिलासा ‘ते तर सांगणारच’ म्हणून झटकता येतो. पाच समवयस्कांचे उत्तर तसे झटकता येत नाही. वर घरचा अभ्यास असतोच: आठवडाभरात वर्गात एक तरी प्रश्न विचारायचा.

१९९८ साली या गटोपचाराची औषधाशी तुलना करणारा १३३ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. फेनेल्झीन या औषधाचा गुण लवकर आला, पण बारा आठवड्यांनंतर हा गटोपचार त्याच्या जवळपास पोचला. नुसती माहिती आणि धीर देणारा गट मात्र बराच मागे राहिला. म्हणजे केवळ एकत्र बसून भागत नाही. भाकीत पडताळावे लागते.

बारा आठवडे एका सत्रात सहज बसतात. लागते ती बंद दाराची एक खोली, प्रशिक्षित उपचारक आणि गटातले गटातच ठेवण्याची शिस्त. येत्या सत्रात प्रत्येक महाविद्यालयाने असा एक तरी गट सुरू करावा, ही आग्रहाची विनंती आहे.